झाडून काढलेल्या अंगणातली सतरा नाणी

फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावरचं हे अंगण. घर म्हणावं असं तिथं आता काही नाही. चिऱ्याचं जोतं, एका कोपऱ्यात मातीची अर्धी भिंत, कडेला फणस आणि फुटक्या कौलांचा ढीग. घरच्यांनी रस्त्याकडेला नवं घर बांधलंय. जुन्या जागेवर धाकट्या मुलासाठी बांधकाम काढायचं होतं आणि पाया खणायला जानेवारीत जेसीबी यायचा होता.

त्याआधी एकदा 'मशीन फिरवून' बघावं असं घरच्या दादाच्या मनात आलं. ओळखीतल्या एका मुलाकडे मेटल डिटेक्टर होता. मे महिन्यातल्या दोन संध्याकाळी त्याने अंगण पालथं घातलं. सहा नाणी निघाली. दोन दादाने त्याला मेहनतीची म्हणून दिली, चार घरात राहिली. "झाडून काढलंय काका, आता काही उरलेलं नाही," असं सांगून तो गेला.

ऑक्टोबरात दादाने मला बोलावलं ते शोधायला नव्हे, त्या चार नाण्यांवर काय लिहिलंय ते वाचून द्यायला. मी नाणी जमवतो एवढंच त्याला माहीत होतं. चारांत तीन पंचम जॉर्जचे पाव आणे होते आणि एक 1947 ची पोर्तुगीज रुपी. वाचून झालं, चहा आला, आणि मला एक गोष्ट खटकायला लागली. या घराच्या पडवीत पन्नासेक वर्षं पसरा चालायचा. (गोव्याबाहेरच्यांसाठी: पसरा म्हणजे मीठ-मिरची, रॉकेल, विडीकाडीचं दुकान.) पसऱ्यात पडणारं मोठं नाणं कोणीतरी उचलतंच. रुपी पडली तर माणूस कंदील घेऊन शोधेल. हरवते ती पै, हरवते चवली, हरवतं बोटाच्या पेराएवढं काहीतरी. इथं मात्र सापडलेली चारही नाणी मोठी, लहान एकही नाही. पसऱ्याच्या दारातून फक्त मोठीच नाणी पडली असं होणं शक्य नाही. म्हणजे लहान नाणी एकतर तिथं नव्हती, किंवा त्या मुलाच्या यंत्राला ऐकू आली नव्हती.

मी त्याला फोन केला. सरळ मुलगा, काही न लपवता सगळं सांगितलं. लोखंडाचा आवाज बंद ठेवला होता. बाटल्यांची बुचं आणि गुटख्याच्या पुड्यांची चांदी फार निघायला लागली म्हणून यंत्रावरचा त्या धातूच्या आकड्यांचा पट्टाही बंद केला. आणि जोत्यासमोरच्या भागात यंत्र नुसतं किरकिरत होतं, "खिळेच खिळे, काका", म्हणून तिकडे गेलाच नाही. यंत्र साधं, एका फ्रिक्वेन्सीचं, बरोबर आलेली मोठी कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी. दिवस मे महिन्याचे, माती विटेसारखी.

शोधून झालेल्या जागेबद्दल याहून कामाची माहिती दुसरी नसते. आधीच्या माणसाला काय सापडलं यापेक्षा त्याने कशाकडे कान बंद केले होते ते कळायला हवं. आमच्यापुरता तोच नकाशा होता.

डिस्क्रिमिनेशन म्हणजे यंत्राला सांगणं, की अमुक धातूचा आवाज मला ऐकवू नकोस. लोखंड बंद केलं की लोखंड ऐकू येत नाही, इथवर ठीक. पण खिळा आणि नाणं एकाच वेळी कॉइलखाली आले तर यंत्राला दोघांचा मिळून एकच मिश्र आवाज मिळतो, आणि तो बरेचदा 'लोखंड' म्हणून गाळला जातो. कॉइल जितकी मोठी तितक्या वस्तू एकदम तिच्याखाली येणार. फॉइलचा पट्टा बंद केला तर तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नाणीही त्याच्याबरोबर जातात, कारण आकड्यांत ती तिथंच आसपास पडतात. 1952 पासूनची पोर्तुगीज रुपी, पाव रुपी, 1958 पासून रुपीच्या जागी आलेले एस्कुद सगळे या धातूचे. म्हणजे गोव्यात फॉइल बंद करणं म्हणजे पोर्तुगीज राजवटीची शेवटची दहा वर्षंच बंद करणं.

त्यात आपली जांभ्याची माती. लोहाने भरलेली. काही खडे तर इतके तापट असतात की नुसत्या दगडावर यंत्र ओरडतं. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वजा करणं, नीट केलं नाही तर चार बोटांखालचं नाणंसुद्धा गोंगाटात बुडतं.

दादाला हे सांगून पटेना. मग त्याच्याच ओट्यावर दाखवलं. एक पाव आणा ठेवला, वर कॉइल फिरवली: स्वच्छ, उंच आवाज. मग त्याच्या शेजारी दोन बोटांवर एक गंजका खिळा ठेवला आणि लोखंड बंद करून मोठी कॉइल फिरवली. एकदा कुठं 'टिक्' झालं, मग काही नाही. नाणं डोळ्यांसमोर, यंत्र गप्प. सहा इंची कॉइल लावून, लोखंड चालू ठेवून हळू फिरवली तेव्हा खर्जातल्या घरघरीत मधूनच तो उंच सूर यायला लागला. दादा म्हणाला, "म्हणजे पोरगा त्याच्यावरनं चालत गेला असेल."

शोधायचं जोत्यासमोर हे ठरलं, पण नेमकं कुठं? जोत्याची अंगणाकडची बाजू अकरा मीटर लांब. मधोमध पायऱ्या आहेत, तेव्हा पसऱ्याचं दार तिथंच असणार असं आम्ही गृहीत धरलं. हे ऐकून खुर्चीत बसलेल्या आजी म्हणाल्या, "दार तिथं नव्हतंच रे. त्या पायऱ्या ह्यांनी मागनं घातल्या. मामंजींच्या वेळी गिऱ्हाईक फणसाकडनं यायचं. तिथं फळी होती, फळीवर पैसे ठेवायचे. आणि फळीला फटी होत्या ह्या एवढ्या."

आजी लग्न होऊन आल्या तेव्हा एस्कुद नुकते आले होते. मे ते ऑक्टोबर या सहा महिन्यांत, पहिल्या शोधाच्या आधी वा नंतर, त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. फणसाकडची बाजू म्हणजे नेमकी ती, जिथं छप्पर कोसळलं आणि वाशांचे खिळे पडले.

माझा भाचा यंत्र घेऊन आला. बहुफ्रिक्वेन्सीचं यंत्र, सहा इंची कॉइल, खड्ड्यातली नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा पिनपॉइंटर, एक खुरपं. दादाने पाठवलेली पारय आणि पिकास (पहार आणि कुदळ) आम्ही परत पाठवली. बांबूच्या खुंट्या ठोकून सुतळीने अकरा बाय अडीच मीटरच्या पट्ट्याचे मीटर-मीटर रुंदीचे अकरा लांबट चौकोन पाडले. चौकटीच्या वहीत तेच चौकोन काढले. भाच्याला हा बावळटपणा वाटला. पहिल्या चौकोनानंतर वाटेनासा झाला.

पहिला रविवार मी वाया घालवला. सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत चढवून ठेवली होती, खोलवरचं ऐकू यावं म्हणून. जांभ्यात याचा उलटा परिणाम होतो: मातीच ओरडायला लागते. एकोणीस खड्डे केले. सतरा वेळा खिळे आणि गंजाचे पापुद्रे, एकदा कंदिलाचा बर्नर, एकदा काहीच नाही. गंजलेला चपटा पत्रा उंच आवाज देऊन फसवतो हे पुस्तकात वाचलं होतं, हाताला तेव्हा कळलं. दुपारी एका कौलाखाली फुरसं निघालं आणि आम्ही आवरतं घेतलं. पुढच्या वेळी कौलं आधी काठीने उचलली.

दुसऱ्या रविवारी सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर, लोखंड चालू, प्रत्येक चौकोन दोनदा: एकदा जोत्याला समांतर, एकदा काटकोनात. गंजाचा खोटा सूर बहुधा एकाच दिशेने येतो, काटकोनात फिरलं की तुटतो. नाण्याचा सूर दोन्हीकडून येतो, भले अर्धवट येवो. आदल्या आठवड्यात शेवटचा पाऊस चांगला झाला होता. ओल्या मातीत आवाज जास्त नीट येतो असं जुने शोधणारे सांगतात; आमच्या वहीत तरी तसंच दिसतं. निदान खुरपं तरी आत जात होतं.

चौथ्या चौकोनात, फणसापासून तीन पावलांवर, घरघरीतून एक बारीक सूर. आकडा साठ-सत्तरच्या मध्ये नाचत होता. काटकोनात फिरलो, सूर राहिला. खुरप्याने तळहाताएवढं ढेकूळ उचललं, खड्ड्यावर पिनपॉइंटर धरला: गप्प. म्हणजे ढेकळात. ढेकूळ हातात फोडलं तर आधी निघाला वाकडा खिळा. भाचा "पुन्हा खिळा" म्हणून टाकायला निघाला. मी ढेकूळ परत पिनपॉइंटरखाली धरलं. अजून बोलत होतं. अंगठ्याने माती सोलत गेलो आणि हिरव्या डागाची कड दिसली, मग सगळी पै बाहेर आली. ब्रिटिश हिंदुस्थानची, एक-बारांश आणा. खिळ्याला जवळजवळ चिकटून बसली होती. वर्षानुवर्षं तिच्यासाठी खिळाच बोलत होता.

तिथून पुढे हात बसला. फणसाकडच्या तीन चौकोनांत बारा नाणी निघाली, बाकी आठांत मिळून पाच. पायऱ्यांसमोर, जिथं मी आधी शोधणार होतो तिथं, एक. आजींची फळी नेमकी कुठं होती ते वहीतल्या टिंबांवरून कोणालाही सांगता येईल. पागोळ्यांची धार पडते त्या रेषेत सहा नाणी ओळीने होती. छपराचं पाणी माती धुऊन नेतं आणि जड वस्तू चरात बसतात. तीही आधीच्या शोधात सुटलेली जागा, कारण छपराच्या कडेचे खिळेही त्याच रेषेत पडतात.

सतरा नाणी अशी. पोर्तुगालच्या लुईश राजाचे पाव तांगे चार (तांगा म्हणजे पोर्तुगीजांचा आणा), त्यांतल्या दोहोंवर वर्ष वाचता येतं, 1884 आणि 1886. ब्रिटिश पाव आणे तीन, पै तीन. भोकाचे पैसे दोन, महायुद्धाच्या काळातले. 1947 चा तांगा एक. 1952 ची पाव रुपी एक, तांबं-निकेलची, फॉइलच्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर बसलेली. 10 सेंतावूस (शंभर सेंतावूसांचा एस्कुद) दोन, 1958 आणि 1961. आणि एक चांदीची चवली, दीड ग्रॅमची, नखाएवढी. शिवाय पितळेचं एक लहान वजन, तागडीतलं, आजींनी बघताक्षणी ओळखलं.

पाव तांगा आणि पाव आणा यंत्राला सारखेच वाटतात. आकडा तोच, सूर तोच. याचं कारण 1878 च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारात आहे. त्यानंतर गोव्याची नाणी ब्रिटिश हिंदुस्थानच्याच मापाने पडू लागली: रुपी 11.66 ग्रॅमची, पाव तांगा त्या वेळच्या पाव आण्याएवढाच, साधारण साडेसहा ग्रॅम तांब्याचा. सोळा तांग्यांची रुपी, साठ रैशांचा तांगा. पसऱ्याच्या फळीवर दोन्ही राज्यांचे पैसे शेजारी पडत असणार आणि दुकानदाराला त्याचं काही वाटत नसणार. मुंबईला गिरणीत, बोटीवर कामाला गेलेली माणसं मे महिन्यात, चवथीला घरी यायची ती तिकडचेच पैसे खिशात घेऊन. दहा सेंतावूसांतलं 1961 चं नाणं मात्र वेगळं. त्याच वर्षी 19 डिसेंबरला ज्या सत्तेने ते पाडलं तीच इथून गेली. ते पडलं तेव्हा नवंकोरं असणार. कडा अजून धारदार आहेत.

एक चूक लिहायलाच हवी, कारण ती माझी आहे. पहिला पाव तांगा निघाला त्या संध्याकाळी मी तो घरी नेऊन चिंचेच्या पाण्यात घातला. देवाची भांडी घासतात तसा. दहा मिनिटांत गुलाबी झाला. आपली माती आंबट, तांबं खाणारी. नाण्यावरची अक्षरं बरेचदा धातूत उरलेलीच नसतात, त्या हिरव्या थरात असतात. थर गेला आणि वर्षाचा शेवटचा आकडा गेला. वर 'दोहोंवर वर्ष वाचता येतं' म्हटलंय ते खरं म्हणजे तिहींवर आलं असतं. नंतरची नाणी साध्या पाण्यात भिजवून, बाभळीच्या काट्याने माती काढून, सुकवून पाकिटात घातली. बाकी काही करायचं नसतं.

तिसऱ्या रविवारी फणसाजवळच्या एका खड्ड्यात वीतभर खोलीवर पांढरा थर लागला. चुन्याची जमीन, ठोकून केलेली. म्हणजे या घराच्या आधीही इथं काहीतरी होतं. यंत्र त्याखालीही काहीतरी सांगत होतं. भाच्याचे डोळे चमकले. मी खड्डा बुजवला. वरची विस्कटलेली माती, जी जेसीबी उचलूनच नेणार आहे, ती चाळणं वेगळं. न हललेला थर फोडणं हे आमचं काम नव्हे, आणि आमच्याजवळ त्याची अक्कलही नाही. थराची खोली आणि जागा वहीत लिहिली, फोटो घेतला. हाच नियम जागेलाही लागतो. अंगण खासगी, मालकाने बोलावलेलं, म्हणून यंत्र बाहेर काढलं. जुन्या गोव्यातल्या, चांदरच्या किंवा कुठल्याही संरक्षित जागेत ते गाडीतच ठेवायचं. संरक्षित वास्तूभोवतीच्या शंभर मीटरांत तर खणण्याचा विचारही नको.

खरी अडचण यानंतर आली. नाणी टेबलावर मांडली तेव्हा दादाने पहिला प्रश्न केला, "लाखभर येतील?" मोबाइलवर येणाऱ्या त्या व्हिडिओंची कृपा. मी म्हटलं, पाव तांगा कोणत्याही नाणेबाजारात मिळतो, आणि ही तर जमिनीने खाल्लेली. मग दुसरी गोष्ट सांगितली ती त्याला मुळीच आवडली नाही: लेखी कळवावं लागेल.

1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. (त्याच वर्षीचा करार, त्याच वर्षीचा कायदा, योगायोगच.) जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय, कुठं, कधी. आणि वस्तू सरकारी कोषागारात ठेवायची, किंवा मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. दहा रुपये हा आकडा आज हास्यास्पद आहे. आमच्या एकट्या चवलीतली चांदीच त्याच्या वर जाते. पण आकडा बदललेला नाही. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड.

"पडलेले पैसे हे. आमच्या आजोबांच्या पसऱ्यातले. निधी कसला त्यात?" दादाचं म्हणणं. मुद्दा चुकीचा नाही. 'दडवलेलं' आणि 'पडलेलं' यात फरक आहेच, आणि शंभर वर्षांच्या आतलं आपल्या पूर्वजांनी ठेवलेलं असेल तर तसा दावा करायची सोयही त्याच कायद्यात आहे. पण तो फरक ठरवायचा कोणी? मी नव्हे, दादाही नव्हे. कळवून दावा करणं आणि न कळवता खिशात घालणं, या दोन वेगळ्या गोष्टी. त्याला पटवलं ते शेवटी कायद्याने नव्हे, वाटणीने. निधी बेवारस ठरला आणि सापडणारा व जागेचा मालक वेगळे असले, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक मालकाचा. दोघांत आधी करार असेल तर करारच चालतो. आमच्यात शोधाच्या आधी साध्या कागदावर लिहून ठेवलं होतं की सगळं घरच्यांचं, आम्हाला फक्त फोटो आणि नोंद. कागद नसता तर सतरांतल्या पावणेतेरा नाण्यांवर माझा आणि भाच्याचा हक्क सांगता आला असता. हे ऐकल्यावर दादाने तो कागद लॅमिनेट करून आणला.

2015 पासून फोंडा तालुका दक्षिण गोव्यात गेलाय, तेव्हा अर्ज मडगावला दिला. सोबत यादी, वजनं, वहीतल्या चौकोनांची प्रत, मे महिन्यातल्या चार नाण्यांसकट. पोच मिळाली. नाणी हमीवर घरातच आहेत, एकेक पाकिटात, पाकिटावर चौकोनाचा नंबर आणि खोली.

डिसेंबरात मे महिन्यातला तो मुलगा आपणहून आला. त्याने वाटणीत मिळालेली दोन नाणी आणली होती. "यादीत घाला काका, उगाच लफडं नको." एक पाव आणा होता. दुसरं मी हातात घेतलं आणि खिडकीशी गेलो. जाड, ओबडधोबड तांबं, कडा असमान, एका अंगाला 'श्री राजा' एवढं वाचता येणारं, खाली 'शिव' चा अर्धा शि. मागे 'छत्र'. शिवराई. पोर्तुगीज आणि ब्रिटिश नाण्यांच्या गर्दीत ती एकटीच.

शिवराया खूप नंतरपर्यंत चालत होत्या. पसऱ्यातही चाललेली असू शकते, त्याआधीचीही असू शकते. सगळा प्रश्न एवढाच, की ती चुन्याच्या जमिनीच्या वर होती की खाली.

"कुठं मिळाली ही?"

तो जोत्यासमोर जाऊन उभा राहिला. बोट पायऱ्यांकडे गेलं, मग फणसाकडे, मग मधे कुठंतरी.

"इथंच. म्हणजे ह्या बाजूला."

"खोल होती?"

"वीतभर असेल. जास्तही असेल."

"पांढरं काही लागलं होतं?"

तो बराच वेळ मातीकडे बघत राहिला. "आठवत नाही काका. अंधार पडत आला होता."

पाकिटावर मी तेवीस नंबर घातला आणि चौकोनाच्या जागी रेघ मारली.